संग्रहालय पाहायला निघण्यापूर्वी: बेळगाव सीमाभागातील नवख्या प्रेक्षकांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला संग्रहालय म्हटले की मुंबई-पुणेच आठवते, आणि मग तो बेत सवड मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षे लांबणीवर पडतो. वास्तविक आपल्यापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर कित्तूर, धारवाड, कोल्हापूर आणि जुने गोवे आहे, आणि खुद्द बेळगाव शहरातही पाहण्यासारखी तीन-चार ठिकाणे आहेत. खरी अडचण अंतराची नसून माहितीची आहे. कोठे काय नव्याने मांडले आहे, ते केव्हापर्यंत राहणार आहे आणि आपण पोहोचू त्या दिवशी दार उघडे असेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे घरून निघण्यापूर्वी कशी मिळवायची आणि तेथे गेल्यावर कसे पाहायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: कायमचे दालन आणि तात्पुरते प्रदर्शन यांतील फरक

प्रत्येक संग्रहालयात दोन प्रकारची मांडणी असते. मूर्ती, शिलालेख, शस्त्रे, नाणी यांची कायमची दालने वर्षानुवर्षे जवळपास तशीच राहतात, त्यामुळे ती या महिन्यात पाहिली काय आणि पुढच्या महिन्यात पाहिली काय, फारसे बिघडत नाही. विशेष प्रदर्शन मात्र मुदतीचे असते. त्यातील वस्तू बहुधा दुसऱ्या संस्थेकडून ठरावीक काळासाठी मागून आणलेल्या असतात आणि मुदत संपली की परत जातात. दुसरे कारण प्रकाशाचे आहे. जुना कागद, लघुचित्रे आणि रेशमी वस्त्रे उजेडाने फिकी पडतात आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच मंद प्रकाश ठेवतात आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अंधाऱ्या कोठारात नेतात. दालनात अंधार आहे म्हणून व्यवस्थापनाला बोल लावणारे प्रेक्षक मी पाहिले आहेत, पण तो अंधार वस्तूंच्या रक्षणासाठीच असतो. दोन मिनिटे थांबले की डोळे सरावतात आणि रंग दिसू लागतात.

मुदतीच्या प्रदर्शनाचे आपल्या भागात सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे. जुलै २०२४ मध्ये ती सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रथम मांडण्यात आली. ती तीन वर्षांच्या बोलीवर आलेली असून सातारा, नागपूर, कोल्हापूर आणि मुंबई अशी त्यांची ठिकाणे ठरवण्यात आली होती. अशी वस्तू एका गावी कायम राहत नाही, त्यामुळे गेल्या वर्षीच्या बातमीच्या भरवशावर गाडी ठरवणे योग्य नाही. याच वाघनखांच्या निमित्ताने नवख्या प्रेक्षकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या वाघनखांबरोबर जी जुनी पेटी आहे, तिच्यावरील मजकुरात ही वाघनखे शिवाजी महाराजांची असून सातारचे इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ यांना सातारा येथे मिळाली असे म्हटले आहे. परंतु महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे लंडनच्या त्या संग्रहालयाने स्वतःच नमूद केलेले आहे. माहितीफलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, असे मी आग्रहाने सांगतो ते याचसाठी. वस्तूवर श्रद्धा असणे आणि तिच्याविषयी काय सिद्ध झाले आहे हे माहीत असणे, या दोन्ही गोष्टी एका मनात सुखाने नांदू शकतात.

दुसरी पायरी: बातमी मिळवणे आणि ती तपासणे

बेळगावात स्थानिक मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवरील कार्यक्रमांच्या छोट्या बातम्या अजूनही उपयोगी पडतात. त्यात ‘प्रदर्शन’ हा शब्द दिसला की पुढची ओळ वाचावी, कारण ‘प्रदर्शन व विक्री’ म्हणजे बहुतेक वेळा साड्या, हातमाग किंवा गृहोपयोगी वस्तू असतात. चित्रप्रदर्शनांसाठी टिळकवाडीतील के. बी. कुलकर्णी कलादालनाकडे लक्ष ठेवावे, आणि सार्वजनिक वाचनालयात गेलात तर तेथील सूचनाफलकावर एक नजर टाकावी. कोल्हापुरात दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनात कलाप्रदर्शने भरत असतात. त्यांच्या बातम्या कोल्हापूर आवृत्तीत येतात, आपल्याकडच्या आवृत्तीत नेहमी येतातच असे नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पत्रकांविषयी स्वतःचा अनुभव सांगतो. शेजारच्या जिल्ह्यातील एका संग्रहालयात जुन्या नाण्यांचे प्रदर्शन भरले असल्याचे रंगीत पत्रक आमच्या गल्लीच्या गटावर आले. तारीख होती, महिना होता, वेळ होती. आम्ही दोन कुटुंबे पहाटेच निघालो. तेथे पोहोचल्यावर पहारेकऱ्याने पत्रक पाहिले आणि सांगितले की हे गेल्या वर्षीचे आहे. पत्रकावर साल छापलेले नव्हते, आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. तेव्हापासून मी एक साधी पडताळणी करतो: पत्रकावरील वार आणि तारीख दिनदर्शिकेशी जुळवून पाहतो. ‘शनिवार दि. १२’ असे लिहिले असेल आणि या महिन्यातील १२ तारखेला बुधवार असेल, तर पत्रक जुने आहे. केवळ तारीख दिली असेल आणि वार नसेल, तर दूरध्वनी केल्याशिवाय निघत नाही.

दूरध्वनी करताना ‘संग्रहालय चालू आहे का?’ एवढेच विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. प्रदर्शन शेवटच्या कोणत्या दिवसापर्यंत आहे, तिकीट खिडकी किती वाजता बंद होते, दुरुस्तीसाठी एखादे दालन बंद आहे का आणि छायाचित्रे काढू देतात का, हे नेमके विचारावे. बंद दालनाचा प्रश्न तर अजिबात विसरू नये. मोठ्या नूतनीकरणाच्या काळात संग्रहालयाचा निम्मा भाग बंद असतो आणि तिकीट मात्र पूर्ण असते. तिकीट खिडकी संग्रहालय बंद होण्याच्या साधारण अर्धा तास आधी मिटते, आणि लहान सरकारी संग्रहालयांत दुपारी जेवणाच्या वेळी कुलूप असण्याचीही शक्यता असते.

तिसरी पायरी: वार पाहून निघणे

सीमाभागातील प्रेक्षकाला दोन राज्यांच्या आणि केंद्राच्या अशा तिन्ही प्रकारच्या संग्रहालयांत जावे लागत असल्याने सुट्टीचा वार नीट समजून घेतला पाहिजे. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या सरकारी संग्रहालयांना साधारणपणे सोमवारी सुट्टी असते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संग्रहालयांना मात्र शुक्रवारी सुट्टी असते. विजापूरच्या गोलघुमटासमोरील नगारखान्यातील संग्रहालय, बदामी आणि ऐहोळे येथील संग्रहालये व जुन्या गोव्यातील संग्रहालय ही सर्व या दुसऱ्या प्रकारात मोडतात. शुक्रवारी गोलघुमट उघडा असतो आणि त्याच्या समोरचे संग्रहालय बंद असते, हे तेथे जाऊन कळले तर फार हळहळ वाटते. या केंद्रीय संग्रहालयांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. मुंबईस जाणार असाल, तर भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.

वर्षातील काही दिवस मुद्दाम राखून ठेवण्याजोगे आहेत. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, १८ मे रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर या काळात जागतिक वारसा सप्ताह असतो. या दिवसांत अनेक ठिकाणी नवी प्रदर्शने उघडतात, व्याख्याने होतात आणि काही ठिकाणी प्रवेशही विनामूल्य असतो. १८ मे आपल्याकडे उन्हाळी सुट्टीत येतो, त्यामुळे मुलांना घेऊन जाण्यास तो दिवस मला सर्वांत सोयीचा वाटतो.

आणखी एक गोष्ट केवळ आपल्याच भागाला लागू आहे. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबतात. १ नोव्हेंबरच्या आसपास आणि डिसेंबरात बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन भरते त्या दिवसांत कोल्हापूरकडे जायचे असेल, तर आदल्या रात्री बसस्थानकावर चौकशी करावी किंवा रेल्वेने जावे. बाहेरगावचे पाहुणे याच काळात बेळगावला येणार असतील, तर अधिवेशनामुळे लॉज भरलेले असतात, हेही त्यांना आधीच सांगावे.

चौथी पायरी: सुरुवात स्वतःच्या शहरापासून

पहिल्याच खेपेस मोठे संग्रहालय निवडू नये. तीन मजले, पंधरा दालने पाहून पाय दुखतात आणि मनात काहीच उरत नाही. बेळगावकराने सुरुवात टिळकवाडीतील वीर सौधपासून करावी. डिसेंबर १९२४ मध्ये येथे राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, ३९वे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असे ते एकमेव अधिवेशन. आवारातील काँग्रेस विहीर त्या अधिवेशनाच्या पाणीपुरवठ्यासाठी खोदण्यात आली होती, आणि आतील छायाचित्रांतून तो काळ समोर उभा राहतो. छायाचित्रे पाहून झाल्यावर विहिरीच्या काठाशी क्षणभर उभे राहावे. काचेमागची वस्तू आणि तिची मूळ जागा एकाच आवारात पाहायला मिळण्याचा योग फार ठिकाणी येत नाही.

त्यानंतर रिसालदार गल्लीतील भाटे यांचे घर पाहावे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हा प्रथम येथे उतरले होते, आणि पुढे हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. रामकृष्ण मिशनने या घराचे स्मारक केले आहे. किल्ल्यातील कमल बस्ती हे संग्रहालय नव्हे, तरीही तेराव्या शतकाच्या आरंभीचे ते जैन मंदिर या फेरीत अवश्य घ्यावे, कारण मूर्तिशिल्प आधी मंदिरात जागेवर पाहिले की संग्रहालयात सुट्या ठेवलेल्या मूर्ती अधिक नीट कळतात. छताच्या मध्यभागी लोंबणारे दगडी कमळ पाहण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा.

कॅम्प भागातील मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे संग्रहालय लष्करी हद्दीत असल्याने तेथे अचानक जाऊन प्रवेश मिळेल असे धरून चालू नये. आधी प्रवेशद्वारावर चौकशी करावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि परवानगीशिवाय मोबाइल बाहेर काढू नये. या रेजिमेंटची परंपरा १७६८ पासूनची आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. आपल्या खेड्यापाड्यांतील कितीतरी घरांत या पलटणीत राहिलेला कोणी आजोबा किंवा काका असतो. अशा घरातील मुलाला हे संग्रहालय दाखवले, तर तो इतिहास घरचाच आहे हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पाचवी पायरी: कित्तूर, आणि कन्नड फलक वाचण्याची तयारी

बेळगावपासून सुमारे ५० किलोमीटरवरील कित्तूरच्या किल्ल्यात राणी चन्नम्मा स्मारक सरकारी संग्रहालय आहे. १८२४ च्या २३ ऑक्टोबरला येथे चन्नम्माचे सैन्य आणि इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, आणि त्याच तारखेच्या सुमारास दरवर्षी कित्तूर उत्सव भरतो. उत्सवात मजा असते, पण गर्दी अफाट असते. ज्याला संग्रहालय पाहायचे आहे त्याने दुसरा आठवडा निवडावा.

येथे आणि धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेच्या संग्रहालयातही फलकांवर प्रामुख्याने कन्नड आणि इंग्रजी असते. मराठी वाचकाने याने बिचकू नये. आपल्यापैकी अनेकांना कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही. त्यांनी फलकावर मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारे ॲप वापरावे, किंवा सोबतच्या शाळकरी मुलाला वाचायला सांगावे. मात्र काही शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसूनही त्यांचा अर्थ निराळा आहे, आणि तेथेच घोटाळा होतो. कन्नडमध्ये ‘उचित प्रवेश’ म्हणजे विनामूल्य प्रवेश. ‘शासन’ म्हणजे सरकार नव्हे, तर कोरीव लेख. म्हणून ‘शिलाशासन’ म्हणजे शिलालेख आणि ‘ताम्रशासन’ म्हणजे ताम्रपट. ‘शतमान’ म्हणजे शतक. ‘रजे’ म्हणजे सुट्टी. ‘मुट्टबेडी’ असे लिहिले असेल तेथे हात लावू नये. ‘वीरगल्लु’ म्हणजे आपला वीरगळ, लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड, आणि ‘मास्तिकल्लु’ म्हणजे सतीशिळा, सती गेलेल्या स्त्रीचा स्मारकदगड. संग्रहालयाला तर कन्नडमध्येही ‘वस्तुसंग्रहालय’ असेच म्हणतात. एवढे आठ-दहा शब्द कागदावर लिहून नेले तरी दिवसाचे निम्मे काम होते.

वीरगळ आपल्या भागातील संग्रहालयांत हमखास भेटतो, आणि बहुतेक लोक त्याच्यापुढून न थांबता निघून जातात. तो कसा वाचायचा ते येथे सविस्तर सांगतो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते: ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू, पायाशी पडलेले देह. तेथे गाई कोरलेल्या असतील, तर गावची जनावरे पळवणाऱ्यांशी लढताना तो पडला असे समजावे. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, आणि शेजारी पुजारी असतो. माथ्यावर सूर्य आणि चंद्र असतात, कारण आकाशात ते आहेत तोवर या वीराची कीर्ती राहो, अशी त्यामागची भावना आहे. आता शेजारच्या सतीशिळेकडे पाहावे. कोपरात वळलेला एक उभा हात आणि त्यात न फुटलेल्या बांगड्या. या दोन दगडांपुढे दहा मिनिटे उभे राहिलेला माणूस पुढे आपल्या गावच्या वेशीवर किंवा मारुतीच्या देवळामागे पडलेला शेंदूर फासलेला दगडही ओळखू लागतो. माझ्या मते संग्रहालयाला जाण्याचा याहून मोठा लाभ नाही.

सहावी पायरी: कोल्हापूरचा एक दिवस

कोल्हापूर बेळगावपासून सुमारे ११० किलोमीटरवर आहे. एका दिवसात दोनच ठिकाणे ठरवावीत. स्वतःचे वाहन असेल तर आधी कणेरी मठावरील सिद्धगिरी संग्रहालय पाहावे, कारण ते महामार्गालगत कोल्हापूरच्या अलीकडे, म्हणजे आपल्याच बाजूला येते. बारा बलुतेदारांसह जुने गावगाड्याचे जीवन तेथे माणसांच्या पूर्णाकृती पुतळ्यांतून उभे केले आहे. बराचसा भाग उघड्यावर असल्याने सकाळी लवकर जावे, आणि पाऊस असेल तर छत्री न्यावी. घरातील वयस्कर मंडळींना सोबत घेतले, तर मोट कशी चाले आणि कुंभाराच्या चाकाला गती कशी देत हे तेच सांगू लागतात, आणि फलकांची गरज उरत नाही.

दुपारनंतर सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेतील टाऊन हॉल संग्रहालयात जावे. ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार बांधण्यात आली. येथील सर्वांत मोलाची गोष्ट आकाराने अगदी लहान आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची वीतभरही उंची नसलेली कांस्यमूर्ती. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे उत्खनन केले, आणि सातवाहन काळात या भागाचा रोमन जगाशी व्यापार चालत होता हे अशा वस्तूंवरून स्पष्ट झाले. मूर्ती लहान असल्याने घाईत ती नजरेतून निसटते, म्हणून आत जाताच कर्मचाऱ्यांना तिची जागा विचारून घ्यावी. समुद्रापासून घाट चढून आलेला तो देव काचेपाशी वाकून पाहावा. त्याच्या अंगाची वळणे आपल्या मूर्तिकारांच्या वळणांहून किती वेगळी आहेत ते लगेच जाणवते.

न्यू पॅलेसमधील संग्रहालय पाहायचे असेल, तर ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवावे. तेथे आत छायाचित्रे काढण्यास बंदी आहे.

दालनात वागावे कसे

मोठी पिशवी बाहेर ठेवावी लागते, म्हणून पैसे, चष्मा आणि औषधे खिशात घ्यावीत. आत शिरल्यावर एकदा सर्व दालनांतून न थांबता फिरून यावे, आणि मग आवडलेल्या चार-पाच वस्तूंकडे परत जावे. फ्लॅश वापरू नये. दगडी मूर्तीलाही हात लावू नये, कारण घामातील क्षार आणि तेलकटपणा दगडात मुरतो आणि हजारो हातांनी कोरीव रेषा झिजतात. देवाची मूर्ती पाहून पायांना हात लावण्याची ओढ आपल्याला होते. ती स्वाभाविक आहे, पण तेथे दुरून हात जोडणेच मूर्तीच्या हिताचे आहे. लहान मुलांना प्रत्येकी एक वही-पेन्सिल द्यावी आणि एकच वस्तू निवडून तिचे चित्र काढायला सांगावे.

निघण्यापूर्वी

दारापाशी अभिप्राय वही ठेवलेली असते. ‘छान आहे’ एवढे लिहून सही करण्याऐवजी उपयोगाचे काही लिहावे. कोणत्या कपाटातील दिवा बंद आहे, कोणता फलक पुसट झाला आहे, उतारावर कठडा हवा आहे का, हे नेमके नोंदवावे. बेळगाव जिल्ह्यातील संग्रहालयांत कन्नड व इंग्रजीसोबत मराठीतही माहिती मिळावी असे वाटत असेल, तर ते सौजन्याने आणि स्पष्टपणे लिहावे, आणि कोल्हापूरच्या वहीत कन्नड प्रेक्षकांसाठीही तीच मागणी नोंदवावी. अभिरक्षक (क्युरेटर) भेटू शकत असतील, तर पुढचे प्रदर्शन केव्हा आणि कशावर आहे ते विचारून घ्यावे. ती तारीख, सालासह, तिकिटाच्या पाठीमागे लगेच लिहून ठेवावी.